सॉकेटमधली नाडी : प्रकल्प नोंदी

२९ एप्रिल २०२५, सोलापूर

काल स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. एखाद्या शहराची नव्हे, दोन्ही देशांची. तिकडे दुपारचे १२:३३, आपल्याकडे चार वाजून तीन मिनिटं. रात्री जेवताना मेहुणा म्हणाला, "आपल्याकडे रोज जाते, त्यात बातमी काय?" डीपीचा फ्यूज उडणं वेगळं आणि अख्खं ग्रिड (देशभरच्या वीजवाहिन्यांचं जोडलेलं जाळं) बसणं वेगळं, असं सांगायला लागलो. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी पाठ्यपुस्तकच म्हणून दाखवतोय. पन्नास हर्ट्झ, पन्नास हर्ट्झ : विजेच्या सेकंदाला पन्नास लाटा, हीच तिची फ्रिक्वेन्सी. वीस वर्षं हा आकडा फळ्यावर लिहितोय, एकदाही मोजलेला नाही.

झेंडावंदन झालं की सुट्टी. तेव्हा ठरवलं : घरच्या सॉकेटमधली फ्रिक्वेन्सी दर सेकंदाला मोजायची, हर्ट्झच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि नोंदवत राहायची.

मुद्दा इथे लिहून ठेवतो, नंतर विसरायला होतं. वीज साठवून ठेवलेली नसते (थोडी असते, पण हिशेबात नगण्य). या क्षणी जेवढी लागते तेवढी या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि वाफ किंवा पाणी तेवढंच राहिलं, तर जनरेटरचे दांडे किंचित मंदावतात. फरक पहिले काही सेकंद त्या फिरत्या लोखंडातल्या ऊर्जेतून भरून निघतो, मग गव्हर्नर (दांड्याचा वेग सांभाळणारी यंत्रणा) जागे होऊन वाफ वाढवतात. दांडा मंदावला की फ्रिक्वेन्सी उतरते, मोकळा झाला की चढते. म्हणजे देशाच्या मागणी-पुरवठ्याचा ताळमेळ आमच्या मिक्सरच्या सॉकेटमध्ये, फुकट, दर सेकंदाला येऊन पडतो. आपल्या नियमांप्रमाणे तो ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहायला हवा. राहतो का, ते बघू.

३ मे

सामान. जुन्या कॉर्डलेस फोनचा अडॅप्टर माळ्यावर सापडला, वजनदार, म्हणजे आत खरा ट्रान्सफॉर्मर आहे. उघडला, डायोड काढले, आता थेट ९ व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) मिळतं. पीसी८१७ ऑप्टोकपलर दोन (संकेत प्रकाशातून पलीकडे पोचवतो, वीज पोचू देत नाही; एक जळणार हे गृहीत), रेझिस्टर, ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे मोजणी करणारा चिमुकला संगणक. बोर्ड पुण्याहून भाच्यानं बुधवार पेठेतून आणला होता, वर्षभर खोक्यात पडून होता.

२३० व्होल्टला थेट हात लावायचा नाही, हा नियम. ट्रान्सफॉर्मरच्या आधी फ्यूज, मग ट्रान्सफॉर्मर, मग ऑप्टोकपलर, तेव्हा कुठे बोर्ड. बायकोनं विचारलं, "अहो, फ्रिज सुरक्षित आहे ना?" माझ्याबद्दल विचारलं नाही.

४ मे

पहिला आकडा सकाळी ११:२० ला. ४९.९६१. पुढचा ४९.९६३. मग ४९.९५८.

जागचा हललो नाही. तासभर नुसता बघत बसलो. पन्नास एकदाही नाही. मधूनच पन्नास ओलांडून जातो, थांबत नाही.

११ मे

आठवडा गेला गोंगाटात. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की फ्रिक्वेन्सी ५७. पाण्याची मोटर लावली की ६३. देशाची फ्रिक्वेन्सी ६३ झाली असती तर बातमी वाचायला आपण जागेवर नसतो. मिक्सरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या लाइनवर काटे उमटवतात आणि बोर्ड प्रत्येक काटा नवी लाट समजून मोजतो.

दोन उपाय केले. ऑप्टोकपलरच्या आधी रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर, त्यानं काटे बोथट होतात. आणि कोडमध्ये अट : आधीच्या लाटेपासून १८ मिलिसेकंदांच्या आत आलेली लाट मोजायचीच नाही. खरी लाट वीस मिलिसेकंदांनी येते. आता मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी झाली तरी आकडा तिसऱ्या दशांशातच हलतो.

१८ मे

तीन दिवस एका भुताच्या मागे होतो. सगळं सुरळीत चाललेलं असताना अधूनमधून एक आकडा येतो : शून्य. एकच, मग पुन्हा ठीक. आधी वाटलं वीज क्षणभर जात असेल. मग शून्यांच्या वेळा कागदावर मांडल्या. ९:०२, १०:१४, ११:२५, १२:३७. अंतर एकाहत्तर-बहात्तर मिनिटं. महावितरण, डीपी, मोटर यातलं कुणीही इतकं वक्तशीर नाही.

बोर्डाचं मायक्रोसेकंदांचं घड्याळ बत्तीस बिटांचं आहे. ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतं आणि परत शून्यापासून सुरू करतं. तेवढे मायक्रोसेकंद म्हणजे ७१ मिनिटं ३५ सेकंद. मी वजाबाकीच्या आधी दोन्ही आकडे चौसष्ट बिटांत नेत होतो, त्यामुळे गुंडाळा आला की उत्तर अवाढव्य उणे. वजाबाकी बत्तीस बिटांतच करून मग पुढे नेली. एका ओळीची दुरुस्ती, तीन दिवस. मुलांना 'पायऱ्या दाखवा' म्हणून मार्क कापणारा मी.

२१ मे

काल संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस, वीज गेली, इन्व्हर्टर लागला. बोर्ड चालूच राहिला, कारण तोही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे. आज आलेख उघडून पाहिला.

६:४७ पर्यंत रोजची वळवळ. मग तुटक. आणि मग ५०.११. ५०.११. ५०.११. पावणेदोन तास एक रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी. इन्व्हर्टरच्या आत त्याचं स्वतःचं स्फटिक आहे, घड्याळात असतं तसं, ते ठरवतं फ्रिक्वेन्सी किती. त्याच्यावर ना कोयनेचा परिणाम, ना दिल्लीच्या एसीचा. दोन पंखे आणि चार दिवे. वीज आल्यावर रेघ परत वळवळायला लागली.

मुलीला दोन्ही आलेख दाखवले आणि यातला दवाखान्याच्या मॉनिटरवरचा कुठला, असं विचारलं. तिनं विचार न करता इन्व्हर्टरवर बोट ठेवलं. "हा गेला बाबा."

१ जून

महिनाभराच्या नोंदी एकावर एक टाकल्या. अपेक्षा होती की दुपारी उन्हात फ्रिक्वेन्सी खचलेली असेल, एसी चालतात म्हणून. तसं काही दिसलं नाही. दिसलं ते निराळंच : पंधरा मिनिटांच्या काट्यावर उड्या. बरोबर ६:०० ला, १०:०० ला, १८:०० ला मोठ्या, १५, ३० आणि ४५ वर लहान. दोन-तीनशे सेकंदांत सावरतं.

याचं कारण विजेत नाही, वहीत आहे. आपल्याकडे विजेची खरेदी-विक्री पंधरा मिनिटांच्या ब्लॉकमध्ये ठरते, दिवसाचे ९६ ब्लॉक. कुठल्या केंद्रानं कुठल्या ब्लॉकमध्ये किती द्यायची, ते आदल्या दिवशी लिहिलेलं. ब्लॉक बदलला की वेळापत्रक पायरीसारखं बदलतं. पण माणसं पंधराच्या काट्यावर दिवे लावत नाहीत, मागणी उतारासारखी सरकते. पायरी आणि उतार यांच्यातली जी फट, ती माझ्या आलेखावर उडी म्हणून दिसते. शाळेची घंटा झाली की जिन्यावर गर्दी होते, तसं.

७ जून

शेजारच्या अण्णांना दाखवलं. त्यांचे यंत्रमाग होते, चादरीचे, आता मुलगा बघतो. आलेखाकडे फारसं लक्ष दिलं नाही. म्हणाले, "मास्तर, पूर्वी हे धोट्यावरनं कळायचं. माग जड चालला की वीज मंद."

मी म्हटलं, व्होल्टेज कमी असेल. "व्होल्टेज कमी झालं की मोटर तापते. ही तापायची नाही, नुसती हळू."

घरी येऊन हिशेब केला. अण्णा बरोबर आहेत. मागाच्या इंडक्शन मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. आणि २००२ च्या आधी आपल्याकडची फ्रिक्वेन्सी ४८ ते ५१ अशी सैल भटकायची. ४८.५ धरली तर वेग तीन टक्के कमी. आठ तासांच्या पाळीत जवळजवळ पंधरा मिनिटांचं कापड विणलंच गेलं नाही. पाळीचे तास तेवढेच, मजुरी कापडावर.

हे सुधारलं ते यंत्रांपेक्षा दरांमुळे. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात (देशात सगळ्यात आधी) नवी दरपद्धत आली. फ्रिक्वेन्सी खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की दर चढा, वर असताना ओढली तर स्वस्त. आधी एखादं राज्य सगळ्यांच्या ताटातलं उचलायचं आणि भुर्दंड कुणालाच नसायचा. पैसे लागायला लागले आणि आकडा पन्नासच्या जवळ येऊन राहिला. अण्णांना हे सांगितलं. म्हणाले, "तवा तर कळलं नाही. माग बरा चालतोय एवढंच."

२१ जून

एक दुरुस्ती नोंदवायला हवी. २९ एप्रिलला मी मेहुण्याला छातीठोकपणे सांगितलं होतं की स्पेनमध्ये मागणी-पुरवठ्याचा तोल गेला, फ्रिक्वेन्सी कोसळली, म्हणून अंधार. या आठवड्यात स्पेन सरकारचा अहवाल आला. फ्रिक्वेन्सी कोसळली ती शेवटी. सुरुवात व्होल्टेजनं झाली, आणि तेही वर जाऊन. व्होल्टेज चढलं, ते आवरण्याची सोय अपुरी पडली, वीजकेंद्रं स्वतःला वाचवायला एकेक करून सुटत गेली, त्यानं व्होल्टेज आणखी चढलं.

म्हणजे माझा हा मोजणीचा डबा तिथे असता तर त्याला शेवटचे काही सेकंद सोडून काहीच दिसलं नसतं. व्होल्टेज मी मोजतच नाही. ते मोजूनही सोलापूरचं कळेल, ग्रिडचं नाही. व्होल्टेज गल्लोगल्ली निराळं, फ्रिक्वेन्सी सगळीकडे एक. मेहुण्याला फोन करून सांगितलं. त्याला तो वाद आठवतही नव्हता.

६ जुलै

आषाढी. घरचे सगळे पंढरपूरला. मी गुडघ्यामुळे मागे. लॉग चालू. ४९.९८२.

१३ जुलै

जीपीएस मॉड्यूल बसवलं. अँटेना खिडकीच्या गजाला. दर सेकंदाला एक ठोका देतं, उपग्रहावरच्या अणुघड्याळातून आलेला, त्यामुळे आता बोर्डाच्या स्फटिकावर भरवसा ठेवायची गरज नाही. नुसत्या फ्रिक्वेन्सीसाठी हे लागलं नसतं. स्फटिक लाखात एक भाग चुकलं तरी पन्नासमध्ये अर्ध्या सहस्रांशाचा फरक. पण मला आता घड्याळ करायचंय : लाटा मोजायच्या, पन्नासनं भागायच्या, आणि ते सेकंद खऱ्या सेकंदांशी ताडायचे. तिथे लाखात एक म्हणजे दिवसाला जवळजवळ एक सेकंद.

१९ जुलै

सहा दिवसांत विजेचं घड्याळ ३१ सेकंद मागे. सरासरी ४९.९९७.

पट्ट्यात असलेला, नियमात बसणारा आकडा, तरी घड्याळ मागे पडतं. आपल्याकडे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण भिंतीवरची घड्याळं सेलवर चालतात. युरोपात ओव्हनवरची, रेडिओतली कित्येक घड्याळं थेट लाइनच्या लाटा मोजतात. २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून ६ मार्चपर्यंत ती घड्याळं मागे पडत गेली, जवळजवळ सहा मिनिटं, पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत. लोक ऑफिसला उशिरा पोचले. कारण सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातलं भांडण : कोसोव्होत वीज कमी पडत होती, ती भरून द्यायची कुणी यावर दोघं अडले, आणि अख्ख्या खंडाची सरासरी ४९.९९६ वर आली.

पडताळा घेतला. पन्नासात ०.००४ म्हणजे लाखात आठ. पन्नास दिवसांचे ४३,२०,००० सेकंद. गुणाकार ३४५. पावणेसहा मिनिटं. जमलं. बातमी वाचून सोडून द्यायची नाही, गुणाकार करून बघायचा, ही सवय या प्रकल्पातून लागली तेवढी पुरे.

एरवी तिकडचे लोक नंतर काही दिवस मुद्दाम थोडं वेगानं चालवून घड्याळं परत जागेवर आणतात. माझं ३१ सेकंद मागेच राहणार असं दिसतंय.

२ ऑगस्ट

मुलगी संध्याकाळी गाण्याचा रियाज करते. काळी चार. आज मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, तो बाहेरचा डीपी बेसूर आहे."

कान दिला. खरंच. डीपीचा घूं आवाज शंभर हर्ट्झचा असतो, पन्नासचा नव्हे : आतल्या पोलादाचा गाभा चुंबकत्वानं ताणला जातो, आणि तो दोन्ही दिशांच्या अर्ध्या लाटेत सारखाच ताणला जातो, त्यामुळे एका लाटेत दोनदा. तिची काळी चार खालच्या सप्तकात येते १०३.८ वर. पांढरी पाच ९८ वर. शंभर या दोघींच्या मध्ये अडकलेला, पांढरी पाचच्या जरा वर, कुणाच्याच सुरात नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी कुणीतरी पन्नासच्या जागी बावन्न ठरवलं असतं तर महाराष्ट्रातल्या यच्चयावत डीप्यांनी काळी चारचा खर्ज धरला असता. तिला सांगितलं तर म्हणाली, "नको. आठ तास कोण ऐकेल."

१७ ऑगस्ट

आत्तापर्यंतचा सगळ्यात मजेचा दिवस.

एक गोष्ट वाचनात होती : लाइनचा घूं कुठल्याही घरगुती रेकॉर्डिंगमध्ये उतरतो, आणि फ्रिक्वेन्सीची वळवळ कधीच हुबेहूब पुन्हा होत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगमधला घूं ग्रिडच्या नोंदींशी ताडून ते कधीचं आहे ते काढता येतं. युरोपात न्यायवैद्यक प्रयोगशाळा हे खरोखर करतात. कुणी मध्येच कापून जोडलं असेल तर वळवळीत खाच दिसते.

गेल्या आठवड्यात बायकोला सांगितलं होतं की कधीही, मी घरी नसताना, फोन फ्रिजवर ठेवून वीस मिनिटं रेकॉर्ड कर, कधी ते सांगू नकोस. मुलीनं फाइलचं नाव आणि वेळ पुसून दिली. फाइल उघडली तर फ्रिजचा आवाज, कुकरच्या तीन शिट्ट्या, आणि मधे बायकोचं बहिणीशी फोनवरचं बोलणं, ज्यात माझा आणि या डब्याचा उल्लेख आहे. तो भाग नोंदवत नाही.

फोनचा माइक शंभरच्या खाली बहिरा असतो, म्हणून दोनशे आणि तीनशेवरचे पडसाद घेतले, दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत फ्रिक्वेन्सी काढली, पडसादाच्या पटीनं भागून पन्नासवर आणली. मिळालेली वीस मिनिटांची वळवळ आठवडाभराच्या लॉगवरून सरकवत नेली. सहा लाखांवर सेकंद. बहुतेक ठिकाणी काहीच जुळत नाही. एका ठिकाणी किल्ली कुलपात बसावी तशी बसली.

बाहेर जाऊन विचारलं, "मंगळवारी, दुपारी एक सत्तेचाळीसला?"

ती कणीक मळत होती. हात थांबला. "तुम्ही कॅमेरा बसवलाय का घरात?"

१४ सप्टेंबर

दुसरा डबा तयार. हा कलबुर्गीला मावसभावाकडे. रेल्वेनं हातात नेऊन दिला, वहिनीनं हॉलमधला एक सॉकेट दिला, कुरकूर न करता.

का कलबुर्गी, ते लिहितो. तिथे आमचं निम्मं गोत आहे, सोलापूरपासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण २०१३ संपेपर्यंत मावसभाऊ आणि मी वेगळ्या ग्रिडवर होतो. कर्नाटक दक्षिण ग्रिडमध्ये, आपण उरलेल्या भारतासोबत. त्याच्या पंख्याचा वेग आणि माझ्या पंख्याचा वेग यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन ग्रिडमध्ये वीज द्यायची तर चंद्रपूरजवळ भद्रावतीला एसीचं डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) करायचं, त्याच आवारात डीसीचं परत एसी करायचं, मग पलीकडे. हजार मेगावॉटची सोय, पण दोन्हीकडच्या लाटा एकमेकांना ओळखत नाहीत.

मग ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइन जोडली. ७६५ केव्ही (म्हणजे हजार व्होल्ट), २०८ किलोमीटर. त्या संध्याकाळी देशाचं ग्रिड एक झालं. आणि जोड बसली ती इथे, आमच्या जिल्ह्यात. त्या दिवशी मी काय करत होतो? बहुतेक थर्टी फर्स्टच्या भज्यांचं बेसन कालवत. पेपरात आलं असेल, वाचल्याचं आठवत नाही.

जोडायच्या आधी दोन्ही बाजूंची फ्रिक्वेन्सी आणि लाटेची टप्प्यातली जागा जुळेपर्यंत थांबावं लागतं. दोन पाळण्यांतल्या मुलांनी हात धरायचा तर दोघंही एका वेळी वर यायला हवेत. न जुळता जोडलं तर एक जण खाली पडतो, इथे दांडे पडले असते.

२८ सप्टेंबर

आठवडाभर पाऊस. सीनेला पूर, गावंच्या गावं पाण्यात. शाळेत तांदूळ-कपडे गोळा करायचं काम. लॉग बघितला नाही.

५ ऑक्टोबर

दोन्ही डब्यांच्या तीन आठवड्यांच्या नोंदी जीपीएसच्या वेळेवर एकत्र लावल्या. सोलापूर निळ्यात, कलबुर्गी लाल रंगात.

पडद्यावर एकच रेघ दिसली. वाटलं लाल लावायची राहिली. मोठं करून, आणखी मोठं करून पाहिलं तेव्हा दोन्ही दिसल्या, तिसऱ्या दशांशात एकमेकांना घासत. पंधराच्या काट्यावरच्या उड्या तिथेही त्याच सेकंदाला. फरक दिसला तो एकदाच, वीस तारखेला, कुठेतरी मोठं काही सुटलं असावं तेव्हा. पहिले दोन-चार सेकंद दोघं थोडे वेगळे डोलले, मग एक झाले.

होटगीच्या पुढे फताटेवाडीला औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच. त्या टर्बाइनचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. माझा डबा जी एक लाट मोजतो तो त्या दांड्याचा एक फेरा. रायचूरच्या दांड्याचाही तोच, आणि उत्तरेत पार पंजाबातल्याचाही. शाळेत हे मी 'समकालिक' असा शब्द देऊन मोकळा होत होतो. मुलं लिहून घ्यायची.

रात्री मावसभावाला फोन केला. दोघं आपापल्या डब्यासमोर. "सांग." "एकोणपन्नास नऊशे सत्तर." "माझ्याकडेही." "आता?" "एकाहत्तर." "एकाहत्तर." पाच मिनिटं असं चाललं. आमचं एरवी इतकं बोलणं होत नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

कारखाने बंद, यंत्रमाग बंद, आकाशकंदील चालू. संध्याकाळी ६:३० पासून आकडा पन्नासच्या वर, बराच वेळ ५०.०५ च्याही वर. घरोघरी माळा लागल्या तरी त्या एलईडीच्या. बंद गिरण्यांची भरपाई त्यांच्यानं होत नाही.

यावरून ५ एप्रिल २०२० आठवला. लॉकडाऊनमधला, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचा. तेव्हा गल्लीत पैज लागली होती की ग्रिड बसणार. माझी पैज बसणार यावर होती, हरलो, आणि का हरलो ते आज नीट समजतं. अंदाज होता १२ ते १४ हजार मेगावॉट मागणी उतरेल. उतरली सुमारे ३१ हजार. तरी टिकलं, कारण जलविद्युत केंद्रं आधीपासून मुद्दाम जोरात चालवून ठेवली होती. दिवे गेले तसं पाणी आवळलं, आले तसं सोडलं. औष्णिक केंद्राला बॉयलर आवरायला वेळ लागतो, पाण्याला लागत नाही. कोयनेचं महत्त्व हेच, १९६० मेगावॉट, आणि चालू-बंद मिनिटांत. त्या रात्री देशाची फ्रिक्वेन्सी ४९.७ ते ५०.२६ मध्ये झुलली.

आजच्या रेघेत जास्तीत जास्त ५०.१४. त्या रात्री हा डबा असता तर. पैजेची मिसळ अजून देणं आहे.

९ नोव्हेंबर

डब्याला छोटा डिस्प्ले बसवून हॉलमध्ये लावला. येणारा प्रत्येक जण हेच विचारतो : "वीज कधी जाणार ते सांगतं का?" नाही. अण्णा येऊन बघून गेले. ४९.९९ दिसत होतं. "चांगलंय," म्हणाले, आणि चहा घेतला.

राहिलेली कामं : व्होल्टेजही मोजायचं, स्पेनमुळे ते डोक्यात बसलंय. लॉगची मेमरी कार्डं भरत आलीत. नववीच्या वर्गात एक दिवस हा डबा न्यायचा, मुलांना आधी ५० लिहायला सांगायचं आणि मग प्लग लावायचा.

कलबुर्गीच्या नोंदी गुरुवारपासून बंद आहेत. तासभर इथलं कोड तपासलं, सगळं ठीक. मग फोन केला. वहिनी म्हणाली, दिवाळीला आलेला नवा मिक्सर आता त्या सॉकेटवर आहे.